पैसे दिले की पाप माफ? नाही हो

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘चर्चमध्ये फादरला पैसे दिले की पाप माफ, मग पुन्हा करायला मोकळे.’ दोन्ही गोष्टी चूक.

तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट घ्या किंवा दुसरं कुठलंही कॅथलिक चर्च, पापनिवेदनाला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली द्यायला, फी नसते. युरोपात एकेकाळी क्षमापत्रं विकली जात, हे खरं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये त्याविरुद्धच आवाज उठवला. पण पैशांच्या बदल्यातली ही सगळी पत्रं पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये रद्द केली. साडेचारशे वर्षं उलटली त्याला, फॉरवर्ड करणाऱ्यांना आत्ता कळतंय!

‘मोकळे’ हे तर साफ उलटं. मनापासून पश्चात्ताप आणि ते पाप सोडण्याचा निर्धार नसेल, तर फादरने क्षमेचे शब्द उच्चारले तरी ती क्षमा लागू होत नाही. चोरी केली असेल तर शक्य तेवढी भरपाई करायची. बायबलमधला जकातदार जक्कय येशूला काय म्हणतो? ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो. शिवाय कायद्याने व्हायची शिक्षा पापनिवेदनाने टळत नाही.

प्रॉटेस्टंट, म्हणजे कॅथलिकांपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती पंथांची मंडळी बहुतेक थेट देवापुढेच कबुली देतात; तिथे फादरचा प्रश्नच नाही.