ग्रीन कार्ड मिळालं म्हणजे मेडिकेअर मिळालं, असं नाही

अमेरिकेतल्या आपल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ग्रीन कार्ड हातात पडलं आणि वय ६५ च्या पुढे असलं, की आईबाबांना मेडिकेअर (६५ च्या पुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) लगेच आणि फुकट, वेगळा विमा काढू नका. मागच्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे. आईचे कागद भरायला बसलो, सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याचे नियम वाचले, तेव्हा कळलं.

अमेरिकेत सलग ५ वर्षं कायमचं वास्तव्य झाल्यावरच मेडिकेअर विकत घेता येतं. हो, विकत! त्यातला पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, बिनाहप्त्याचा हवा असेल, तर स्वतःची किंवा जोडीदाराची ४० तिमाह्यांची, म्हणजे साधारण १० वर्षांची, कर भरलेली नोकरी लागते. मुलाची नोकरी त्यात धरत नाहीत. नाहीतर २०२५ मध्ये नुसत्या पार्ट एचा पूर्ण हप्ता महिना ५१८ डॉलर होता. पार्ट बीचे, म्हणजे डॉक्टरांच्या भागाचे, १८५ वेगळे.

मधल्या वर्षांत बहुतेकांना मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून मिळणारा खासगी विमा घेता येतो. आईची बीपी-शुगर जुनी. पण जुन्या आजारावरून तिथे नाकारत नाहीत. मुदत मात्र सांभाळा: ग्रीन कार्ड मिळाल्यापासून साधारण ६० दिवस. ती चुकली की पुढच्या नोंदणीपर्यंत थांबा. मेडिकेडलाही (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) बहुतेक राज्यांत मोठ्यांना ५ वर्षांची अट आहेच.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून आला असेल, तर ज्यांना दिलात त्यांना हा द्या.