१ जानेवारीला जन्मलेली मुलं

माझ्या बाबांचा वाढदिवस १ जून. त्यांच्या दोन भावांचाही १ जून. कोल्हापुरात शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारली, आजीने सांगितलं, "नागपंचमीच्या आसपास झाला, त्या साली पंचगंगेला मोठा पूर होता." गुरुजींनी १ जून लिहून टाकलं. आपल्यातल्या कितीतरी घरांत असा एखादा १ जून असतो. बाबा त्या तारखेप्रमाणे रिटायर झाले, बाकी त्या तारखेने त्यांचं काही बिघडवलं नाही.

जर्मनीत मला १ जानेवारी भेटला.

गेली आठ वर्षं मी बुधवारी ऑफिस सुटल्यावर दोन तास गणित शिकवते. शिकायला येतात ती अफगाणिस्तान, सीरिया, सोमालियातून आलेली मुलं, एकटी आलेली. आईवडील सोबत नाहीत, काका-मामा नाहीत. जवळपास सगळे मुलगेच, सोळा-सतरा वर्षांचे. त्यांच्या कागदपत्रांवर पुन्हा पुन्हा तीच तारीख दिसते. जन्माचा दाखला नसला, तारीख सांगता आली नाही, की वर्ष अंदाजाने ठरतं आणि दिवस बहुतेकदा १ जानेवारी.

आज ज्याच्याबद्दल लिहितेय तो गझनीकडचा. नाव लिहीत नाही. मला खाला म्हणतो, म्हणजे मावशी. २०२२ साली आला तेव्हा कागदावर १६ वर्षांचा होता. पहिल्या १ जानेवारीला मी केक घेऊन गेले. त्याने नीट आभार मानले, केक सगळ्यांना वाटला आणि मग हळूच म्हणाला, "खाला, मी आज जन्मलो नाही. आई म्हणते, मी झालो तेव्हा जर्दाळू पिकले होते."

जर्दाळू पिकतात उन्हाळ्यात. म्हणजे कागदाने त्याला निदान पाच महिने मोठं केलं होतं. त्या दिवशी मला ते आजीच्या पुरासारखं गोड वाटलं. त्या पाच महिन्यांची किंमत पुढे कळली.

इथली व्यवस्था आधी सांगते, कारण ती खरोखर चांगली आहे आणि तिचं कौतुक मी मनापासून करते. एकटं आलेलं मूल सापडलं की युगेंडआम्ट, म्हणजे बालक आणि युवकांचं सरकारी कार्यालय, त्याला आपल्या छत्राखाली घेतं. २०१५ साली अशी सुमारे ४२,३०० मुलं घेतली, २०१६ साली सुमारे ४४,९००. मधे आकडा खाली आला, २०२३ मध्ये पुन्हा ३९,३०० वर गेला. १ नोव्हेंबर २०१५ पासून या मुलांना देशभरच्या राज्यांत वाटून देतात. राहायला छोटं वसतिगृह मिळतं, तिथे काळजीवाहक असतात. आईवडिलांच्या जागी कायदेशीर पालक नेमतात, त्याला फोरमुंड म्हणतात. दवाखाना, शाळा, कोर्टकचेरी, सगळीकडे सही त्याची. सरकारी फोरमुंडकडे कायद्याने जास्तीत जास्त ५० मुलं. पन्नास मुलांचा बाप कसा होणार कुणी, हा प्रश्न आहेच, पण निदान एक नाव असतं, एक फोन नंबर असतो.

शाळाही आहे. मी बायर्न, म्हणजे बव्हेरिया, राज्यात राहते. या वयाच्या मुलांसाठी इथे धंदेशिक्षणाच्या शाळेत दोन वर्षांचा खास वर्ग असतो. पहिल्या वर्षी मुख्यतः जर्मन, दुसऱ्या वर्षी कामधंद्याची तयारी, आणि शेवटी शाळा पूर्ण केल्याचा दाखला. तो मिळाला की आउसबिल्डुंग: आठवड्यातले काही दिवस कारखान्यात किंवा दुकानात पगारी उमेदवारी, काही दिवस शाळा. इलेक्ट्रिशियनची उमेदवारी साडेतीन वर्षांची. बेकरीची तीन.

आता हिशोब तुम्हीच करा. सोळाव्या वर्षी आलेलं पोर, मागे जेमतेम सहा इयत्ता, मधली दोन वर्षं रस्त्यात गेलेली. दोन वर्षं वर्ग, साडेतीन वर्षं उमेदवारी. हातात सर्टिफिकेट पडेपर्यंत एकविशी उलटते. आणि या सगळ्याच्या ऐन मधे अठरावा वाढदिवस येतो. त्या दिवशी फोरमुंड संपतो. वसतिगृहातली जागाही जाऊ शकते.

शिकण्याला वेळ का लागतो ते सांगते. माझ्या या गझनीच्या पोराला आकडे कधीच जड गेले नाहीत. एकदा गणित होतं: तीन कपाटांत 'येवाइल्स' बारा खोकी आहेत, एकूण खोकी किती? त्याने उत्तर लिहिलं, बारा. मी विचारलं, असं कसं? तो म्हणाला, "त्यांनीच सांगितलंय की बारा." गुणाकार त्याला उत्तम येत होता. 'येवाइल्स' म्हणजे 'प्रत्येकी', हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तीन कप मांडले, प्रत्येकात दोन-दोन बदाम टाकले. तो एकदम ओरडला, "हर यक!" मी म्हटलं, अरे, आमच्याकडे पण हरएकच म्हणतात. दोघंही किती तरी वेळ हसत होतो. मग आम्ही अशा शब्दांची वहीच केली. 'निदान', 'वजा जाता', 'अनुक्रमे', 'दर तासाला'. बाजारात, बसमध्ये हे शब्द कानावर फारसे पडत नाहीत, आणि परीक्षेत यांच्यावरच पोरं नापास होतात. शाळा म्हणते गणित कच्चं आहे. गणित कच्चं नसतं हो! जर्मनचे तास एका खोलीत, गणित दुसऱ्या खोलीत, आणि दोघांच्या मधल्या दारात पोर अडकलेलं.

तर १ जानेवारी २०२४ ला तो अठराचा झाला. दाखल्याची परीक्षा त्याच उन्हाळ्यात. अठरानंतरही मदत चालू ठेवायची तरतूद कायद्यात आहे, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. पण ती मागावी लागते, गरज आहे हे दाखवावं लागतं, आणि कुठलं कार्यालय काय म्हणेल याचा नेम नाही. त्याच्या कार्यालयाने आधी नाही म्हटलं. कारण काय, तर मुलगा स्वावलंबी आहे, चांगला शिकतोय. म्हणजे नीट वागल्याबद्दल त्याला घराबाहेर काढलं. मोठ्यांच्या छावणीत एका खोलीत चौघं. रात्रपाळी करून आलेला एक, रात्रभर फोनवर बोलणारा एक. हा अभ्यास करायचा तळघरात, कपडे धुवायच्या मशीनच्या खोलीत. तिथे दिवा चांगला होता आणि ड्रायरमुळे ऊब. मी एकदा गेले तर मशीनवर पुस्तक ठेवून उभ्याने सर्किट काढत होता. पानं ओलसर झाली होती.

त्याच्या आईच्या जर्दाळूंनी मोजलं तर तेव्हा तो सतराच वर्षांचा होता.

अर्ज पुन्हा केला, त्याच्या वर्गशिक्षकांनी पत्र दिलं, मग परीक्षेला दोन आठवडे राहिले असताना मदत मंजूर झाली. तो पास झाला. पण मी हे "शेवटी सगळं छान झालं" म्हणून सांगत नाहीये. त्याच वर्गातल्या दोघांनी त्याच काळात शाळा सोडली आणि गोदामात लागले. डोकं या दोघांचंही चालत होतं. त्यांना मशीनची खोली सापडली नाही, एवढंच.

म्हणून माझं मत ठाम आहे. या मुलांची मदत वयाशी बांधू नका, शिक्षणाशी बांधा. शाळा किंवा उमेदवारी चालू आहे तोवर खोली आणि एक जबाबदार माणूस न मागता मिळालाच पाहिजे. इथली जर्मन मुलं सरासरी चोविसाव्या वर्षाच्या आसपास आईवडिलांचं घर सोडतात. आपल्याकडचं तर बोलायलाच नको, पंचवीस वर्षांच्या पोराला आपण डबा भरून देतो. आणि ज्याला कुणीच नाही त्याने मात्र अठराव्या वर्षी एकट्याने उभं राहायचं?

कायदा हलतो, हेही मी बघितलंय. माझा पहिला विद्यार्थी बेकरीत उमेदवार होता, रात्री दोनला उठून जायचा. तेव्हा सरकारी देखरेखीतल्या मुलाच्या कमाईतला ७५ टक्क्यांपर्यंत भाग राहण्याच्या खर्चापोटी कापून घेत. चारातले तीन युरो! त्याने मला विचारलं होतं, "मग मी उठतो कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२१ मध्ये ते २५ टक्क्यांवर आलं आणि १ जानेवारी २०२३ पासून पूर्ण बंद झालं. २०१६ पासून आश्रय नाकारला गेलेल्यालाही, अटी पुऱ्या केल्या तर, उमेदवारी पूर्ण करू देतात आणि नंतर दोन वर्षं काम करू देतात. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने तर वाढदिवसाचाच प्रश्न सोडवला: आश्रयाचा अर्ज केला तेव्हा मूल अल्पवयीन होतं आणि पुढे निर्वासित म्हणून मान्यता मिळाली, तर निकालाची वाट बघताना ते अठराचं झालं म्हणून आईवडिलांना बोलावण्याचा हक्क बुडत नाही. हाच न्याय शाळेला का लावू नये?

आणि हे जमतं. म्युनिकमध्ये 'श्लाऊ' नावाची शाळा २००० सालापासून चालू आहे. श्लाऊ म्हणजे हुशार. तिथे भाषा प्रत्येक विषयात शिकवतात, वर्ग छोटे असतात, आणि मूल उमेदवारीला लागलं तरी शाळा त्याचा हात सोडत नाही.

आपल्याच लोकांशी थोडं बोलायचंय. गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात ऐकते, "आपण व्हिसा काढून, शिकून आलो, ह्यांना फुकट कशाला?" मी शिकून आले कारण माझ्या बाबांनी फी भरली आणि विमानतळावर सोडायला अकरा माणसं आली होती. आणि कोल्हापूरच्या माणसाने तर हे बोलूच नये. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, आपल्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, काही अनाथ. त्यांच्या शाळा होत्या, त्यांचे शिक्षक होते. त्या पोरांना व्हिसा कुणी विचारला होता?

जर्मनीत राहत असाल तर तुमच्या गावच्या युगेंडआम्टला फोन करून विचारा, स्वयंसेवक फोरमुंड हवेत का. साधी माणसंही हे काम करू शकतात. तेवढा वेळ नसेल तर आठवड्यातून दोन तास गणित शिकवा. जर्मन मोडकं असलं तरी चालतं, माझं अजून आहे. आमच्याकडे बुधवारी सहाला दोन खुर्च्या रिकाम्या असतात. माझा गझनीचा पोरगा आता इलेक्ट्रिशियनच्या उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यापासून तो सोबत एका नव्या मुलाला घेऊन येतो. त्या मुलाच्या कार्डावर परवा नजर गेली. १ जानेवारी. मी त्याला विचारलं, तुझी आई काय सांगते? तो म्हणाला, बर्फ पडत होतं.