जर्नल पूर्ण, सही बाकी

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली म्हणजे पोरगा आता चार वर्षं एसीत बसून कीबोर्ड बडवणार, अशी आमच्या घरात सगळ्यांची खात्री होती. वडिलांनी अख्ख्या बार्शीत पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी त्यांच्या बंद पडलेल्या मिक्सरबद्दलसुद्धा सल्ला विचारून ठेवला. आणि कॉलेजने माझ्या हातात दिलेली पहिली वस्तू होती कानस.

एफईला, म्हणजे फर्स्ट इयरला, ब्रँच नसते. कागदावर असते, फीच्या पावतीवर असते, नातेवाइकांच्या तोंडी तर असतेच. पण पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं. कॉम्प्युटरवाल्याने लोखंड घासायचं, सिव्हिलवाल्याने सी लँग्वेजमध्ये दोन आकड्यांची बेरीज करायची, आणि सगळ्यांनी मिळून एम-वनला, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरला, घाबरायचं. या बाबतीत इतकी समानता मी पुढे कुठेच पाहिली नाही.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि महाराष्ट्रातल्या माळरानांना बरे दिवस आले. त्यातलंच एक माळरान माझ्या वाट्याला आलं. माहितीपत्रकावर ‘पुणे’ असं ठळक छापलेलं होतं. प्रत्यक्षात पुण्याला जायचं तर दोन बस बदलाव्या लागायच्या, आणि तिथे पोचल्यावर लोक विचारायचे, “गावाकडून आलात का?” तेही बरोबरच होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला हायवे आणि गेटसमोर एक टपरी. विद्यार्थिजीवन नावाचं जे काही होतं, ते सगळं त्या टपरीवर.

सामानाची यादी घेऊन अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराने माझ्या हातातली यादी बघितलीसुद्धा नाही. “एफई का?” एवढंच म्हणाला आणि रेषा आखायचा मिनी ड्राफ्टर, टू-एचच्या पेन्सिली, क्लिपा आणि शीट ठेवायची ती लांब काळी नळी काउंटरवर मांडून मोकळा झाला. ती नळी खांद्याला अडकवून मी गर्दीच्या पीएमटीत चढलो. वळलं की नळी कुणाच्या तरी चष्म्याला लागायची. सीटवरच्या एका आजींनी प्रेमाने विचारलं, “बासरी शिकतोस का रे बाळा?” मी हो म्हटलं. ड्राफ्टर समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. आजी नळीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “दमसास लागत असेल हं.”

दमसास लागला तो वर्कशॉपमध्ये. फिटिंगचा जॉब होता माइल्ड स्टीलचे दोन तुकडे. एकाला व्ही आकाराची खाच पाडायची, दुसऱ्याला तसंच टोक काढायचं, आणि दोघांनी एकमेकांत गपगुमान बसायचं. तुकडा व्हाइसमध्ये आवळा, मार्किंग करा, हॅकसॉने कापा आणि मग कानस घेऊन घासत बसा. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नुसतीच येते. हे वर्कशॉपच्या मामांनी सांगेपर्यंत आमची अख्खी बॅच दोन्हीकडे जीव खाऊन जोर लावत होती. मामांनी सांगितलंही ते बऱ्याच उशिराने, आधी शांतपणे तंबाखू मळून झाल्यावर.

मग काटकोन तपासायचा गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. कड आणि गुण्या यांच्यामधून उजेड दिसला की पुन्हा घासा. एक बाजू सरळ करायला जावं तर शेजारची तिरकी होते, ती सरळ करावी तर पहिली रुसते. असं दोघींची समजूत काढता काढता माझा ५० मिलिमीटरचा तुकडा ४६ वर आला. मामांनी तो बोटांत धरून फिरवला.

“कॉम्प्युटर ना?”

“हो मामा.”

“दिसतंय.”

गणपतीला घरी गेलो तेव्हा आजीने माझा हात हातात घेतला, तळव्यावरचे फोड बघितले आणि वडिलांना म्हणाली, “ह्यासाठी एवढी फी भरली होय रे? आपल्या गल्लीतल्या लोहाराकडे बसवला असता तर वर चार पैसे हातावर टेकवले असते त्यानं.” वडील पेपर वाचत राहिले. त्यांनी मघाशीच माझ्याकडून शेजारच्या काकूंचा मिक्सर उघडून घेतला होता आणि त्याचे दोन स्क्रू उरले होते.

तरी कानस परवडली. लोखंडाचं एक बरं असतं, ते बसलं तर बसतं, नाहीतर नाही. खरा छळ सह्यांचा. प्रत्येक प्रयोगाला सही, प्रत्येक शीटला सही, प्रत्येक असाइनमेंटला सही. या सगळ्या सह्या अनुक्रमणिकेत नोंदवायच्या आणि त्या प्रत्येक ओळीपुढे पुन्हा सही. मग सर्टिफिकेटचं पान. त्यावर सरांची सही, एचओडींची म्हणजे विभागप्रमुखांची सही, शेवटी प्रिन्सिपलांची सही आणि शिक्का. ज्ञान मध्ये कुठे आडवं आलं तर आलं, त्याच्यासाठी वेगळा कॉलम नव्हता.

आणि सही मिळते ती बरोबर उत्तराला. फिजिक्सच्या लॅबमध्ये न्यूटनच्या वर्तुळांचा प्रयोग होता. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा पिवळा दिवा, सूक्ष्मदर्शकाखाली काळी-पिवळी वर्तुळं, त्यांचे व्यास मोजायचे आणि त्यावरून प्रकाशाची तरंगलांबी काढायची. ती ५८९३ अँगस्ट्रॉम येते हे वर्गातल्या प्रत्येकाला वर्तुळं दिसायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यामुळे सगळे हुशार लोक उत्तरापासून निघून उलटे रीडिंगपर्यंत पोचायचे. फार अचूक येऊ नये म्हणून कुणी ५८८७ लिहायचं, कुणी ५९०१. माझा लातूरचा रूममेट यात तरबेज होता. “एरर पण दाखवावा लागतो ना,” तो म्हणायचा. “नाहीतर सरांना वाटंल, आपण प्रयोगच केला न्हाई.”

केमिस्ट्रीला पाण्याचा कठीणपणा मोजायचा होता. ब्युरेटमध्ये ईडीटीए, खाली फ्लास्कमध्ये पाणी आणि इंडिकेटर. वाइन रेड रंग निळा झाला की थांबायचं. हॉस्टेलच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नव्हता आणि आमचे केस रोज कंगव्याला लागून येत होते, म्हणून आम्ही दोघांनी शास्त्रीय वृत्तीने बाटलीभर तेच पाणी लॅबमध्ये नेलं. ब्युरेट अर्धी संपली तरी रंग लालच. शेवटी निळा झाला तेव्हा आलेला आकडा आम्ही अभिमानाने सरांपुढे ठेवला. संपूर्ण वर्षात आम्ही खरा घेतलेला तो एकमेव आकडा असावा. सरांनी शेजारच्या बॅचचं जर्नल उघडलं, दोन्ही आकडे ताडून पाहिले आणि आमच्या आकड्यावर लाल काट मारली. “सगळ्यांचं वेगळं आलंय. पुन्हा करा.” आम्ही पुन्हा केलं. म्हणजे शेजारच्या बॅचचं पाहून. सही मिळाली. केस गळतच राहिले.

आता जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. ज्यांनी मारली आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी मारलेली नाही ते इंजिनिअर नसावेत. ड्रॉइंगचे सर फळ्यावर एक रेषा काढायचे आणि म्हणायचे, ही एचपीला, म्हणजे आडव्या प्रतलाला, ३० अंशात आणि व्हीपीला, म्हणजे उभ्या प्रतलाला, ४५ अंशात कललेली आहे, आता डोळे मिटा आणि इमॅजिन करा. मी डोळे मिटायचो. मला मेसमधली बटाट्याची भाजी दिसायची. अशा माणसाने सबमिशनच्या आदल्या रात्री करायचं काय?

दोन कॉट समोरासमोर ओढायच्या. मधल्या फटीवर काच ठेवायची. ती काच कुठल्या खिडकीची होती हे रेक्टरांनी वर्षभर शोधलं. खाली १०० वॉटचा बल्ब. काचेवर सीनियरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, चारी कोपऱ्यांना क्लिपा. बल्ब लावला की खालच्या रेषा वरच्या कागदावर उगवतात आणि आपण फक्त त्यांच्यावरून पेन्सिल फिरवायची. तासाभरात काच इतकी तापते की कोपर टेकवता येत नाही. घामाचा थेंब शीटवर पडला तर तिथे कागद फुगतो, म्हणून एक जण शेजारी उभा राहून वहीने वारा घालतो. मध्येच लाइट गेली की सगळ्या मजल्यावरून एकच शिवी एकाच वेळी उठायची. सामूहिक जीवनाचा इतका उत्कट अनुभव मला पुढे कधी आला नाही.

आमच्या विंगची मूळ शीट एकच होती. कुणातरी दादाची. ती वर्षानुवर्षं फिरत होती आणि आम्ही तिला हात धुऊन हात लावायचो. सॉलिड्सच्या शीटवर, पंचकोनी पिरॅमिडच्या डावीकडे, एक बारीक कमान होती. तिचा पिरॅमिडशी संबंध काय हे कुणालाच कळेना. “कन्स्ट्रक्शन लाइन असंल,” रूममेट म्हणाला आणि त्याने ती हलक्या हाताने, अगदी नियमानुसार काढली. सगळ्यांनी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात मूळ शीट गुंडाळताना दिसलं की तो चहाच्या कपाचा डाग होता. तोवर शीटा जमा झाल्या होत्या. तपासताना सरांनी माझ्या कमानीवर बोट ठेवलं, बराच वेळ विचार केला, चष्मा वर-खाली केला आणि सही केली.

सबमिशनच्या आठवड्यात मात्र सर नावाची व्यक्ती अदृश्य व्हायची. स्टाफरूममध्ये विचारलं तर लॅबमध्ये आहेत, लॅबमध्ये विचारलं तर आत्ताच स्टाफरूमला गेले. टपरीवर सापडायचे, पण तिथे जर्नल पुढे करणं हे अलिखित नियमात बसत नव्हतं. सापडले तरी तारखेचा घोळ. प्रयोग ऑगस्टमधला, सही ऑक्टोबरात, मग तारीख कुठली घालायची? अनुभवी मुलं दोन-तीन वेगळ्या शाईची पेनं घेऊनच फिरायची, म्हणजे सह्या वेगवेगळ्या दिवशीच्या वाटाव्यात. त्यात नोटीस बोर्डावर डिफॉल्टरांची यादी लागायची. ७५ टक्के हजेरी नाही, पालकांना घेऊन या. आमच्या विंगमधल्या एकाने पानवाल्याला काका म्हणून नेलं होतं. एचओडींनी त्याला ओळखलं, कारण त्यांचंही खातं तिथेच होतं.

बाकी विद्यार्थिजीवन काय? रविवारी मेसला फीस्ट, १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार आणि प्रिन्सिपलांचं भाषण, गॅदरिंगला साडी डे. १९६३ पासून पुण्यातली पोरं ज्या पुरुषोत्तम करंडकासाठी झोप सोडतात, त्याच्या तालमी आमच्याकडेही चालायच्या. मला अभिनय येत नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. पण मी वर्कशॉपमध्ये लाकडाचा हाफ-लॅप जॉइंट केलाय असं कुणीतरी सांगितल्याने तालमीसाठी दार बनवायचं काम माझ्याकडे आलं. करवत, रंधा, पटाशी, सगळं मामांकडून मागून आणलं. दार झकास झालं. फक्त ते उघडायचं नाही. दिग्दर्शकाने दोन तास डोकं धरलं आणि मग नायक घरातच असतो असं संहितेत बदलून टाकलं. मला विचाराल तर नाटक त्याने सुधारलं.

अखेर पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली, ती संपली आणि ड्रॉइंगचा पेपर आला. हॉलमध्ये काच नाही, बल्ब नाही, मूळ शीटही नाही. समोर एक षट्कोनी प्रिझम, तो कोपऱ्यावर उभा, वर अक्ष कललेला. मी डोळे मिटले. भाजी. उघडले तर शेजारच्या बोर्डावर एक दाढीवाला, बऱ्याच थोराड वयाचा मुलगा पेन्सिल चावत बसलेला. त्याच्या हॉलतिकिटावरचं नाव वाचलं आणि मला उठून नमस्कार करावासा वाटला. मूळ शीटच्या उजव्या कोपऱ्यात तेच नाव होतं. आमच्या अख्ख्या विंगचे कुलगुरू! एफईची केटी, म्हणजे राहिलेला विषय, अजून घेऊन बसलेले.

सुपरवायझर खिडकीकडे वळल्या तसा तो माझ्याकडे झुकला.

“ए, प्रिझम येतो का रे तुला?”