‘एक लेन वाढवा, कोंडी संपेल’: चार दावे, एकेक तपासून

सगळीकडे फिरणारा संदेश थोडक्यात असा: रस्त्याला एक लेन वाढवा, बसची लेन काढा, सिग्नलचा हिरवा लांबवा, कोंडी संपेल, कंप्युटर मॉडेलनेच ते सिद्ध केलंय.

‘लेन वाढवली की कोंडी फुटते.’ शहरात रस्त्याची क्षमता चौकाच्या तोंडाशी ठरते. हिरवा असताना एका लेनमधून तासाला साधारण 1800 गाड्या सुटू शकतात. 120 सेकंदांच्या आवर्तनात (सिग्नलची एक पूर्ण फेरी) 30 सेकंद हिरवा असेल, तर प्रत्यक्षात 450 सुटतात. तोंडाशी दोन आणि मध्ये तीन लेन केल्या, की रांग फक्त आखूड आणि जाड होते. तोंडही रुंद केलं तर काही काळ बरं वाटतं. मग वेळ टाळून, आडवाटेने किंवा बसने जाणारे तिथे येतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग 2008 मध्ये रुंद झाला, सेवारस्ते धरून काही ठिकाणी 26 लेन. 2011 ते 2014 दरम्यान तिथे संध्याकाळच्या गर्दीतला प्रवासवेळ निम्म्याहून जास्त वाढला. शहर वाढत होतं, हे खरंच. पण शहर वाढणार हे धरूनच तर लेन बांधतात.

‘बसची लेन रिकामी पडून असते.’ दिसते तशीच. तासाला 100 बस म्हणजे 36 सेकंदांना एक. मधे नुसतं डांबर दिसणार. बसमागे 40 माणसं धरली तर 4000 होतात. शेजारच्या लेनमधल्या 450 गाड्यांत सरासरी दीड माणूस धरा: 675. तासाला दहाच बस जात असतील तर मात्र दाव्यात दम आहे. आणि लेनमध्ये एक गाडी उभी राहिली की सगळं गणित कोलमडतं.

‘हिरवा लांबवा.’ चार फेजच्या (म्हणजे चार दिशांना आळीपाळीने हिरवा मिळणाऱ्या) चौकात दर बदलाला सुमारे 4 सेकंद वाया जातात, म्हणजे आवर्तनामागे 16. आवर्तन 120 वरून 240 सेकंदांवर नेलं तर वाया जाणारा हिस्सा 13 टक्क्यांवरून 7 वर येतो. कमाई एवढीच. पण लाल 180 सेकंदांचा झाला आणि लेनमध्ये दर 9 सेकंदांना एक गाडी येत असेल, तर 20 गाड्या साचतात. गाडीमागे साडेसहा मीटर धरले तर 130 मीटर. हिरवा लागल्यावरही पुढच्या गाड्या सुटेपर्यंत मागे भर पडतच राहते; शेपूट 160 मीटरपलीकडे जातं. मागचा चौक 150 मीटरवर असेल तर तोही बंद.

‘मॉडेलने सिद्ध झालंय.’ खरी गोम इथे आहे. बऱ्याच नियोजन मॉडेलांत प्रवासवेळेचं सूत्र असं असतं: मोकळ्या रस्त्याचा वेळ गुणिले (1 + 0.15 × (वाहतूक ÷ क्षमता) चा चौथा घात). क्षमतेच्या 1.2 पट वाहतूक घातली तर 5 मिनिटांचा रस्ता साडेसहा मिनिटांचा होतो, बस्स. प्रत्यक्षात तासाला 1000 सुटतात तिथे 1200 आल्या, तर तासाअखेर 200 उभ्या राहतात आणि शेवटचीला 12 मिनिटं जास्त लागतात. या सूत्राला रांग दिसतच नाही, मागच्या चौकात शिरलेली तर नाहीच.

त्याआधीची चूक गाड्या मोजण्यातली. कोंडीत स्टॉप लाइनवर मोजलेला आकडा क्षमता सांगतो, मागणी (किती गाड्यांना जायचं आहे) नाही. वरच्या उदाहरणात मोजणारा 1000 लिहील, मॉडेल 1000 ला जुळवलं जाईल, आणि ‘अचूक’ मॉडेल खऱ्या मागणीपेक्षा 200 गाड्या कमी धरून चालेल. वर सहलींची (म्हणजे लोकांच्या एकूण प्रवासफेऱ्यांची) संख्या रुंदीकरणाआधी आणि नंतर तीच ठेवली, की नवी लेन जिंकणारच.

म्हणून अशा मॉडेलवर बेतलेल्या अहवालात तीन गोष्टी शोधा: दर 15 मिनिटांच्या सुरुवातीला आणि शेवटी रांगेतल्या गाड्या मोजल्या आहेत का, मॉडेलची रांग प्रत्यक्ष रांगेशी ताडून पाहिली आहे का, आणि प्रवासवेळ घटल्यावर सहली वाढू दिल्या आहेत का.