शून्याचं भाडं

रुलेट, म्हणजे कॅसिनोतला चक्रावरचा जुगार, खेळायचं ठरवलंत? उत्तम. शाळेतलं गणित चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवा. आत लागतो तो आत्मविश्वास, आणि तो तुमच्याकडे पोत्याने आहे.

चक्राला 37 घरं. 1 ते 36 आकडे, निम्मे लाल, निम्मे काळे. उरलेलं एक घर हिरवं, शून्याचं. चक्र एका दिशेला फिरवतात, गोळी उलट दिशेला सोडतात, आणि दमली की ती कुठल्या तरी घरात पडते. तुमच्या आकड्यावर पडली तर एकाला पस्तीस. घरं 37 असताना पस्तीसच का, हे विचारू नका. पंगतीला बसून आचाऱ्याला तांदळाचा भाव विचारतं का कोणी? लावलेल्या शंभरामागे सरासरी 2 रुपये 70 पैसेच तर जातात. अमेरिकी चक्रावर आणखी एक शून्य असतं, तिथे सव्वापाच. (तिकडे गेलेले आपले लोक टिप देताना मात्र कॅल्क्युलेटर काढतात.)

खेळ फ्रान्सचा, नावाचा अर्थ 'छोटं चाक'. कायम फिरत राहणारं यंत्र करायला गेलेल्या पास्कल या फ्रेंच गणितज्ञाच्या हातून हे घडलं, अशी दंतकथा आहे. खरी असेल तर यंत्र जमलंच म्हणायचं; पैसा अजून एकाच दिशेने वाहतोय. 1843 साली फ्रान्स्वा आणि लुई ब्लां या भावांनी जर्मनीतल्या होम्बुर्गला दोनाऐवजी एकच शून्य ठेवलं. कमी कापणाऱ्याकडे गिऱ्हाईक धावतंच. 1863 मध्ये फ्रान्स्वाने मोनॅकोतला कॅसिनो हाती घेतला आणि तिथलं माँटे कार्लो भरभराटीला आलं. शून्य भारताने जगाला दिलं, हे तुम्ही छाती फुगवून सांगा; भाडं ब्लांकडे गेलं.

आता तुमची ती हुकमी युक्ती: आकड्याऐवजी लाल किंवा काळ्या रंगावर लावायचं, आणि हरलं की दुप्पट. माँटे कार्लोत 18 ऑगस्ट 1913 ला एका टेबलावर ओळीने 26 वेळा काळंच लागलं. लोक लालवर पैसे ओतत होते, कारण आता लाल यायलाच हवं होतं. गोळीला मात्र हे कोणी कळवलं नव्हतं. पहिल्या काळ्यापासून तुम्ही 10 फ्रँकने लालवर सुरुवात केली असती, तर सत्ताविसावा डाव 67 कोटी 10 लाख 88 हजार 640 फ्रँकचा लागला असता. आणि तो जिंकलात तर एकूण नफा? 10 फ्रँक. टेबलाची मर्यादा आड येते हो, नाहीतर तुम्ही सोडलं नसतं.

माँटे कार्लोत गर्दीची काळजी नको. मोनॅकोच्या नागरिकांना तिथे खेळायला बंदी आहे. बिचाऱ्यांना 1869 पासून प्राप्तिकरही भरावा लागत नाही, वेळ कसा घालवतात कोण जाणे. एवढ्या लांब जायचं नसेल तर गोवा आहे. तिथेही 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्याच आहेत, पणजीच्या धक्क्यावरून न्यायला लाँच येते. या, बसा. तुम्ही पाहुणे.