पिनबॉलमधलं घोस्टिंग: खापर एलईडीच्या माथी का?

जुन्या पिनबॉल मशिनमधले बल्ब काढून एलईडी बसवले की काही दिवे बंद असतानाही मिणमिणत राहतात. यालाच घोस्टिंग म्हणतात. यावर शौकिनांमध्ये सर्रास फिरणारं उत्तर ठरलेलं आहे: ‘स्वस्तातले एलईडी घेतलेत, म्हणून घोस्टिंग होतंय. महागडे नॉन-घोस्टिंग एलईडी लावा. प्रश्न हार्डवेअरचा आहे, फर्मवेअर, म्हणजे मशिनच्या चिपमधला प्रोग्राम, बदलून काही होणार नाही. उलट बोर्ड जळेल आणि गेमचे नियम बिघडतील.’ ठामपणे सांगितलं जातं, म्हणून लोक मानतातही. एकेक मुद्दा घेऊ. उदाहरणाला शिकागोच्या विल्यम्स कंपनीची डब्ल्यूपीसी पिढी घेतो, म्हणजे 1990च्या ‘फनहाउस’पासून पुढची मशिनं.

‘एलईडी स्वस्त आहेत, म्हणून.’ हे पडताळायला पैसे लागत नाहीत. मिणमिणणारा एलईडी आणि नीट चालणारा एलईडी यांची अदलाबदल करा. खोट एलईडीत असेल तर मिणमिण त्याच्याबरोबर दुसरीकडे जायला हवी. ती बहुतेक वेळा जागच्या जागी राहते. मग मॅन्युअलमधला लॅम्प मॅट्रिक्सचा, म्हणजे दिव्यांच्या रो आणि कॉलमांमधल्या जोडणीचा, तक्ता उघडा. भूत, म्हणजे ही मिणमिण, दिसतं तो दिवा आणि खरोखर पेटलेला दिवा प्लेफील्डवर (चेंडू फिरतो त्या फळीवर) एकमेकांपासून हातभर लांब असतील, पण तक्त्यात ते बहुधा एकाच रोमध्ये, शेजारशेजारच्या कॉलममध्ये सापडतात. एलईडीच्या दर्जाला हा तक्ता कसा कळावा?

खरं कारण त्या तक्त्यातच आहे. 64 दिव्यांना 64 स्वतंत्र तारा नसतात. 8 कॉलम आणि 8 रो असतात, आणि त्यांच्या प्रत्येक जोडीला एक दिवा. प्रोसेसर एका वेळी एकच कॉलम चालू करतो, 2 मिलिसेकंदांसाठी, आणि पुढच्यावर जातो. आठही कॉलम फिरून यायला 16 मिलिसेकंद लागतात. प्रत्येक दिव्याला आठातला एकच हिस्सा वेळ मिळतो, म्हणून 6.3 व्होल्टच्या बल्बला 18 व्होल्ट दिले जातात. कागदावर हिशेब चोख बसतो: 18 भागिले आठाचं वर्गमूळ, म्हणजे 6.36. ज्याने ही रचना बेतली त्याला दाद द्यावीशी वाटते.

गडबड होते ती कॉलम बदलताना. प्रोसेसर 6809 जातीचा, 2 मेगाहर्ट्झवर चालणारा. लॅचमध्ये, म्हणजे आउटपुट धरून ठेवणाऱ्या चिपमध्ये, एक बाइट लिहायची सूचनाच पाच सायकल, म्हणजे अडीच मायक्रोसेकंद घेते. त्यात दिवे चालवणारे डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर बंद व्हायला आळशी. जुना कॉलम आणि जुनी रो पुरती बंद होण्याआधीच नवी जोडी चालू झाली की क्षणभर भलत्याच दिव्यातून करंट जातो. तारेचा बल्ब तेवढ्या वेळात तापतसुद्धा नाही, त्यामुळे 1990मध्ये हे कुणाच्या नजरेला येण्याचं कारणच नव्हतं. एलईडी मात्र लगेच उजळतो, आणि दर फेरीला उजळतो. अंधारात डोळ्याला तेवढं पुरतं.

‘नॉन-घोस्टिंग एलईडी घ्या.’ घ्या की, फरक पडतो. बऱ्याच प्रकारांत समांतर जोडलेला रेझिस्टर भरकटलेला करंट काही प्रमाणात गिळतो. चूक मात्र आहे तिथेच राहते आणि ती झाकण्याची किंमत दिव्यागणिक मोजावी लागते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, तोही 64 बंब.

‘फर्मवेअरने काही होणार नाही.’ कॉलम कधी बदलायचा आणि रोमध्ये काय लिहायचं हे फर्मवेअरच ठरवतं. उपाय साधा आहे: आधी सगळ्या रो बंद करा, ट्रान्झिस्टर पुरते बंद होईपर्यंत थांबा, मग कॉलम बदला, मग नव्या रो चालू करा. समजा 50 मायक्रोसेकंद थांबलो, तर 2000पैकी अडीच टक्के वेळ गेला; उजेडातला तेवढा फरक कुणाला दिसत नाही. आणि हे नुसतं कागदी नाही. ‘फनहाउस’ची डी-9 आवृत्ती, ‘टर्मिनेटर 2’ची डी-8 आवृत्ती अशा घोस्टिंग दुरुस्त केलेल्या रॉम (फर्मवेअरच्या चिपमधला मजकूर) पिनमेम या, पिनबॉल मशिन संगणकावर चालवणाऱ्या, एम्युलेटरच्या यादीत याच ओळखीने नोंदल्या आहेत.

‘बोर्ड जळेल.’ भीती अगदीच निराधार नाही. स्ट्रोब, म्हणजे कॉलम एकेक करून चालू करणारी फेरी, एका कॉलमवर अडकून राहिला तर 6.3 व्होल्टच्या दिव्यांवर अखंड 18 व्होल्ट येतील. म्हणूनच या बोर्डांवर वॉचडॉग आणि ब्लँकिंग सर्किट असतं. प्रोग्राम अडकला की आउटपुट बंद होतात. रॉममधले बाइट बदलून चेकसम (बाइटांच्या पडताळणीची बेरीज) जुळवला नाही, तर मशिन सुरू होतानाच तक्रार करतं. नवी ईप्रॉम (प्रोग्राम लिहिता येणारी चिप) वापरा, मूळ चिप जपून ठेवा, मशिन बंद असतानाच बदला.

‘नियम बिघडतील.’ दुरुस्ती दिवे फिरवणाऱ्या इंटरप्ट रूटीनमध्ये, म्हणजे ठरावीक अंतराने आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, होते. गुण आणि नियम यांचा कोड वेगळा.

आता पॅच, म्हणजे ही फर्मवेअरची दुरुस्ती, विकणाऱ्या उत्साहींनाही दोन शब्द. यातून सगळी मिणमिण जात नाही. एलईडीचं फडफडणं त्या 16 मिलिसेकंदांच्या फेरीमुळे आहे, ते राहणारच. जनरल इल्युमिनेशनचे, म्हणजे सर्वसाधारण उजेडाचे, दिवे मॅट्रिक्सवर नसून ट्रायॅक नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालतात. तिथली मंद चमक या पॅचला माहीतच नाही. आणि शॉर्ट झालेला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) कोणत्याही रॉमने बरा होत नाही. म्हणून ईप्रॉम लिहायला घेण्याआधी भूत दिसतं त्या जागी, आणि जमल्यास त्याच्या रोमधल्या शेजाऱ्यांनाही, जुना तारेचा बल्ब परत लावा आणि टेस्ट मेन्यूतून एकेक दिवा पेटवून बघा. नको तेव्हा तो बल्बही उजळत असेल, तर रॉम सोडा आणि मल्टिमीटर काढा.