आदर्श कर्जदार कसे व्हावे

घोडबंदर रोडला टू-बीएचके बुक केलात? अभिनंदन! आता आदर्श कर्जदार म्हणून नाव काढायचं असेल तर पहिलं पथ्य पाळा: काहीही वाचू नका.

रिझर्व्ह बँक मात्र तुम्हाला वाचायला लावायच्या मागे आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मुदत कर्जासोबत (गृहकर्जही त्यात आलंच) बँकेला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' द्यावं लागतं. व्याज, प्रोसेसिंग फी, विमा असं सगळं धरून वर्षाला खरा दर किती पडतो, ते त्यात येतं. तेही तुम्हाला समजेल अशा भाषेत. म्हणजे मराठीतही मागता येतं. पण मागू नका. समोरचा बँकेचा मुलगा टाय लावून आलाय, त्याला कशाला घाम फोडता? त्या कागदावर नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, हे तर चुकूनही बोलू नका. त्याने पेन्सिलीने जिथे जिथे फुली मारलीय तिथे तिथे सही ठोका. चार-पाच सह्या झाल्या की हात आपोआप चालायला लागतो, आणि नेमका तेव्हाच मधे विम्याचा फॉर्म येतो. "सर, हा आमच्याच कंपनीचा घ्यावा लागतो, कंपल्सरी आहे." अमुकच कंपनीचा विमा घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही. तरी मान डोलवा. त्याचं टार्गेट असतं हो.

फर्निचरसाठी मोबाइलवरून झटपट कर्ज काढताना ॲपने फोनबुक मागितलं तर देऊन टाका. नियमाने त्याला ते मागता येत नाही. पण मग वसुलीवाल्याने तुमच्या सासरेबुवांना फोन कसा करायचा? वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नसतात, हेही विसरा. रात्री साडेनऊला आला तरी उचला. तो बिचारा ओव्हरटाइम करतोय.

पुढे कधीतरी कर्ज फिटेल. घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत, आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. असले पैसे घेणं आपल्याला शोभतं का? त्यापेक्षा दर शनिवारी शाखेत चक्कर मारा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शटर बघून परत या. ठाण्याच्या तलावपाळीच्या फेऱ्यांपेक्षा जास्त चालणं होतं.

आणि तक्रार? लेखी कधीच करू नका. लेखी केली की तारीख लागते, ३० दिवस मोजता येतात, आणि तेवढ्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. एक पैसा फी नाही. फुकटात मिळणारा न्याय काय दर्जाचा असणार! तुम्ही आपलं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सगळ्या बँका चोर आहेत' असं टाका. पाच-सहा अंगठे येतील, मग कोणीतरी विचारेल, "आज टँकर किती वाजता?"